मंडळीत नव्याने आलेल्या बहिणीस, क्षमेविषयी

प्रिय ताई, सहविश्वासूंच्या बोलण्याने मन दुखावते, हे तुम्ही लिहिलेत ते खरे आहे. आरंभी मात्र मोजक्याच गोष्टी धरून ठेवा.

दुखावल्याचे आधी त्या व्यक्तीलाच, एकांतात सांगा. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात प्रभू येशूने हाच क्रम घालून दिला आहे. नवख्यांची, आणि खरे तर आम्हा जुन्यांचीही, मोठी चूक येथेच होते: उपासना संपल्यावर दारात चपला घालता घालता “फक्त प्रार्थनेसाठी सांगते हं” असे म्हणून गाऱ्हाणे चौघींच्या कानी घातले जाते आणि त्या भगिनीच्या पाठीमागे तिचा निवाडा होऊन जातो.

आपले दुखणे क्षुल्लक मानू नका. त्याच अध्यायातील दाखल्यात राजा एका दासाचे 10,000 तालांतांचे कर्ज माफ करतो, पण तो दास आपल्या सोबतीच्या दासाला देणे माफ करत नाही. सोबतीच्या दासाचे ते देणे 100 दीनार आहे, आणि दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. तीन महिन्यांहून अधिक कमाई बुडणे ही लहान गोष्ट नव्हे. ती लहान ठरते ती राजाने दिलेल्या 10,000 तालांतांच्या माफीपुढे; तालांत म्हणजे हजारो दीनारांची रक्कम.

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ काढूच नका, असे प्रभू म्हणत नाही; आधी आपले मुसळ काढा, म्हणजे स्पष्ट दिसेल, असे म्हणतो. न मागणाऱ्याला “मी तुम्हाला क्षमा केली” असे ऐकवणे हेही दोषारोपणच आहे.

मारहाण किंवा छळ असेल तर प्रथम सुरक्षित ठिकाणी जा; क्षमेसाठी तेथे परतण्याची अट नाही. तुटलेला विश्वास पुन्हा कसा जुळतो, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा.