व्हीएफएक्सला मराठीत काय म्हणावे?

विचारलेला प्रश्न असा : एका चित्रपट-परीक्षणात ‘या चित्रपटाचे विशेष परिणाम अप्रतिम आहेत’ असे वाक्य आले आहे, ‘स्पेशल इफेक्ट्स’साठी ‘विशेष परिणाम’ हा शब्द योग्य आहे का, आणि व्हीएफएक्स (व्हिज्युअल इफेक्ट्स) व सीजीआय (संगणकावर घडवलेल्या प्रतिमा) ही त्याचीच दुसरी नावे समजावीत का?

माझ्या मते दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मराठीत परिणाम हा नेहमी कशाचा तरी कशावर तरी होतो. औषधाचा प्रकृतीवर होतो, संगतीचा मुलावर होतो. त्यामुळे ‘चित्रपटाचे विशेष परिणाम’ असे वाचले की चित्रपट पाहून लोकांवर काय परिणाम झाला, याकडेच मन जाते. मूळ संज्ञेतला ‘इफेक्ट’ मात्र पडद्यावर उभा केलेला आभास आहे. तो आभास हे कारण, आणि प्रेक्षक थक्क होतो हा त्याचा परिणाम. ‘विशेष परिणाम’ या शब्दात कारणालाच कार्याचे नाव मिळाले आहे.

आपल्याकडे या गोष्टीला शब्द नव्हता असेही नाही. ‘ट्रिकसीन’ हा शब्द रंगभूमीवर आणि पडद्यावर इतका रुळला की त्याचे इंग्रजीपण जाणवेनासे झाले, आणि ‘कॅमेऱ्याची करामत’ हा तर अस्सल बोलीतला प्रयोग आहे. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्यापूर्वी, भांडवल मिळावे म्हणून, कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने थोडी थोडी टिपून एक लघुपट केला होता. बी रुजते, कोंब वर येतो, वेल चढू लागतो, आणि हे सारे काही क्षणांत डोळ्यांसमोर घडते. त्यातले रोप खरे होते, वाढ खरी होती. बदलला होता तो केवळ काळ. म्हणूनच अशा दृश्यांना सरसकट ‘खोटी दृश्ये’ म्हणणे मला पटत नाही. ‘करामत’ हा शब्द इथे चपखल बसतो, कारण त्यात कौशल्याचा गौरव आहे आणि फसवणुकीचा आरोप नाही.

आता तीन संज्ञांतला फरक पाहू. तो करामत केव्हा आणि कुठे होते यावर ठरतो. चित्रीकरण चालू असताना कॅमेऱ्यासमोर जे घडवले जाते, म्हणजे कृत्रिम पाऊस, स्फोट, यंत्रावर हलणारे प्राणी, ते ‘स्पेशल इफेक्ट्स’. चित्रीकरणानंतर, किंवा वेगवेगळ्या प्रतिमा एकत्र बसवून, जे साधले जाते ते ‘व्हिज्युअल इफेक्ट्स’, म्हणजेच व्हीएफएक्स. आणि संगणकावरच घडवलेली प्रतिमा म्हणजे सीजीआय, जी व्हीएफएक्सच्या अनेक साधनांपैकी एक आहे. हिंदी चित्रपटांतल्या ट्रिकसीनसाठी गाजलेले बाबूभाई मिस्त्री यांनी १९३७ साली ‘ख्वाब की दुनिया’ या चित्रपटासाठी काळ्या पडद्यासमोर काळ्या दोऱ्याने वस्तू हलवल्या आणि मिस्त्रींना ‘काला धागा’ हे नावच पडले. तिथे दोरा दिसू नये ही काळजी चित्रीकरणापूर्वीच घ्यावी लागे. आज नटाला जाड तारेने उचलतात, तार चित्रात स्वच्छ दिसते, आणि ती नंतर संगणकावर एकेका चौकटीतून पुसली जाते. पहिली करामत स्पेशल इफेक्ट, दुसरी व्हीएफएक्स.

एकाच प्रसंगात दोन्ही कशी नांदतात याचे उत्तम उदाहरण ‘जुरासिक पार्क’ (१९९३) हे आहे. पावसातल्या हल्ल्याच्या प्रसंगात पूर्ण आकाराचा यांत्रिक डायनासोर वापरला होता. त्याच्या फोमच्या कातडीत पाणी मुरून तो जड होई आणि थरथरू लागे, म्हणून दोन चित्रणांच्या मधल्या वेळात त्याला कोरडे करावे लागे. त्याच प्रसंगात संगणकावर घडवलेला प्राणीही आहे. तेव्हा ‘त्यातले सगळे डायनासोर सीजीआयचे’ हे विधान चुकीचे ठरते.

लिंगवचनाचाही प्रश्न येतो. ‘व्हीएफएक्स’मध्ये ‘इफेक्ट्स’ अंतर्भूत आहे, त्यामुळे ‘व्हीएफएक्स चांगले आहेत’ हे अनेकवचन स्वाभाविक वाटते, आणि ‘व्हीएफएक्स इफेक्ट्स’ ही ‘एटीएम मशीन’सारखी द्विरुक्ती होते. बोलताना ‘ग्राफिक्स’ म्हणतात, त्याला माझी हरकत नाही. लेखनात मात्र तो शब्द फार ढोबळ आहे.

राहिला पर्यायी शब्द. ‘चमत्कृतिदृश्ये’ हा मला बरीच वर्षे आवडत असे, पण आज तो अपुरा पडतो. आताचे बरेचसे संगणकीय काम कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणूनच केलेले असते : आभाळ बदलणे, पार्श्वभूमीतली विजेची तार काढणे, शंभराच्या गर्दीची हजारोंची गर्दी करणे. अशा दृश्यात चमत्कार दिसतच नाही, उलट तो दिसला तर काम फसले असे मानतात. म्हणून व्हीएफएक्ससाठी मी ‘दृश्यसंस्करण’ हा शब्द सुचवतो. टिपलेल्या चित्रावर नंतर केलेला संस्कार हा अर्थ त्यात नेमका येतो, आणि छायाचित्रण, संकलन, ध्वनिमुद्रण या श्रेयनामावलीतल्या शब्दांच्या पंगतीत तो सहज बसतो. ‘संस्करण’चा हिंदीतला ‘आवृत्ती’ हा अर्थ काहींना आडवा येईल, पण ‘दृश्य’ जोडल्यावर घोटाळा उरत नाही. सीजीआयसाठी ‘संगणकनिर्मित दृश्ये’ आणि कॅमेऱ्यासमोरच्या कामासाठी ‘ट्रिकसीन’ हे शब्द पुरेसे आहेत.

त्या परीक्षणातले वाक्य मी ‘या चित्रपटाचे दृश्यसंस्करण अप्रतिम आहे’ असे लिहिले असते.