वाचकांचे प्रश्न : वुडकटमधला चेहरा मिळमिळीत का?

प्रश्न : जर्मन चित्रकार एमिल नोल्डे यांच्या ‘प्रॉफेट’ (१९१२) या वुडकटवरून (लाकडी फळी कोरून, उंच राहिलेल्या भागाला शाई लावून घेतलेल्या ठशावरून) पाइनच्या फळीवर दुःखी चेहरा कोरला. छापल्यावर तो पेन्सिलचित्रासारखा मिळमिळीत दिसतो, शिवाय बारीक रेषा शाईने बुजतात. काय चुकते?

उत्तर : मिळमिळीतपणा कोरण्यातून आला आहे, रेषा बुजतात त्या शाईमुळे.

तुम्ही बहुधा काळ्या रेषा राखून बाकीचे लाकूड काढले. नोल्डे यांच्या ठशात याच्या उलट आहे : डोळ्यांच्या खोबण्या, गालांचे खळगे सलग काळे आणि उजेड तेवढा तुटक तुकड्यांत उकरलेला. म्हणून फळीवर आधी काळ्या शाईचा पातळ हात देऊन ती वाळवा, खडूने उजेडाच्या जागा आखा आणि तेवढ्याच काढा. कपाळाला रुंद यू-पटाशी (यू आकाराच्या धारेची छिन्नी), पापणीला अरुंद. ढलपी निघून कड फाटली तर घासून सारखी करू नका. एक्स्प्रेशनिस्टांना, म्हणजे नोल्डे यांच्यासारख्या तीव्र भावना मांडणाऱ्या चित्रकारांना, तीच खरखर हवी होती. सफाईने कोरलेले दुःख सहसा गोडच दिसते. फळीचे रेषे उठून दिसायला हवे असतील तर छापण्याआधी तारेचा ब्रश रेष्यांच्या दिशेने फिरवा.

बारीक खाचा किमान दीड-दोन मिलिमीटर खोल घ्या. उंच राहिलेल्या रेषेच्या बाजू तळाकडे रुंदावत जाऊ द्या, नाहीतर दाबाखाली ती मोडते. शाई कडक रोलरने, दोन-तीन पातळ थरांत लावा. मऊ रोलर खाचेत उतरतो. रोलर चिकट, ओला आवाज करू लागला की शाई जास्त झाली. पातळ कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासा. पहिले एक-दोन ठसे फिके येतील, कारण कोरे लाकूड शाई पिते.