चोक सोडला की बोटीचं इंजिन बंद पडतंय

प्रश्न : काका, आमच्या तरुण मंडळाची फायबरची बोट आहे. इंजिन 25 हॉर्सपॉवरचं, टू-स्ट्रोक, दोर ओढून चालू करायचं. गेल्या पावसाळ्यानंतर ताडपत्रीखाली होतं. परवा काढलं, तर चोक दिल्यावर दोनदा फुरफुरतं आणि चोक सोडला की बंद. प्लग नवा घातला, तरी तेच. टाकीत गेल्या वर्षीचं पेट्रोल आहे. पाऊस लागायच्या आत काय करू?
– एक वाचक, शिरोळ तालुका

उत्तर : आधी दोर ओढायचं थांबवा. इंजिन फुरफुरतंय म्हणजे ठिणगी पडतीय. चोकवर धरतंय आणि सोडला की मरतंय, म्हणजे त्याला पेट्रोल पुरत नाही.

टाकीतलं पेट्रोल मोकळ्या जागेत, विडी-काडीपासून लांब, पूर्ण काढा. थोडं काचेच्या बाटलीत घेऊन तासभर ठेवा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आपल्या उसापासूनही ते तयार होतं. ते हवेतला ओलावा ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतं, आणि टाकीतली नळी तळातूनच ओढते. टू-स्ट्रोकला तर हे फार वाईट, कारण ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. तळातलं गेलं की बेअरिंग आणि पिस्टन कोरडे चालतात. बाटलीत दोन थर दिसले तर ते पेट्रोल कशातही वापरू नका.

मग पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सोडून ती रिकामी करा. वर्षभरात पेट्रोल वाळून चिकट होतं आणि बारीक जेट बुजतो. जेट म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक असलेला तुकडा. तुमचं दुखणं बहुधा तिथंच आहे. जेट कार्ब क्लीनरनं आणि हवेनं साफ करा. तार घालू नका, भोक मोठं झालं की जेट कामातून गेला. हात बसलेला नसेल तर कार्बोरेटर काढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात घेऊन या.

ताजं पेट्रोल भरताना ऑइल इंजिनाच्या पुस्तकाप्रमाणे घाला. बऱ्याच इंजिनांना 50 ला 1, म्हणजे लिटरला 20 मिली लागतं. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी गोळा कडक होईपर्यंत दाबा.

आणि टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा! ऑगस्ट 2019 च्या महापुरात मी कोल्हापूरजवळ आंबेवाडीकडं एका बोटीवर होतो. घाटावर झकास चालू झालेलं इंजिन पाच मिनिटांत प्रवाहात बंद पडलं. बोटीत माणसं होती, त्यात एक म्हातारी आणि दोन पोरं. बाभळीच्या फांदीला दोर टाकून बोट धरली. दोर ओढून ओढून हाताची सालं निघाली, तेव्हा कुणीतरी गोळ्याला हात लावला, तर तो चपटा! स्क्रू बंद होता. टाकीत हवाच जात नव्हती, पेट्रोल येणार कुठून? अर्धा फेरा सोडला आणि दुसऱ्या ओढीला इंजिन लागलं. त्या दिवसापासून मी आधी झाकण बघतो आणि मग दोराला हात घालतो.

इंजिन कोरड्यावर तपासू नका. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातला पंखा रबराचा असतो, लगेच जळतो. इंजिनाचा पाय, म्हणजे पंख्याकडचा खालचा भाग, पाण्याच्या पिंपात बुडवून, गिअर न्यूट्रलला ठेवून चालू करा आणि मागनं पाण्याची धार येते का बघा. धार नसेल तर तिथंच बंद करा.

कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट आहे, धोक्याची 43. पाणी तिशीत असतानाच दर आठवड्याला दहा मिनिटं इंजिन चालवा, दर वेळी वेगवेगळ्या दोन पोरांच्या हातून. यंदा पाऊस संपला की पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि टाकी रिकामी करूनच ताडपत्री टाका.