खासगी राखीव जंगलातील आफ्रिकी सफारी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानात स्वतः गाडी चालवत माफक खर्चात फिरता येते, असे कळले. मग त्याला लागून असलेल्या खासगी राखीव जंगलांत एका रात्रीसाठी कितीतरी पट रँड (तिथले चलन) का मोजावेत? तिथे प्राणी जास्त असतात का?

उत्तर : प्राणी जास्त दिसतील या अपेक्षेने जादा पैसे मोजू नयेत. साबी सँड, टिंबावाटी, क्लासेरी ही खासगी जंगले क्रूगरच्या पश्चिम सीमेला लागून आहेत. साबी सँड आणि क्रूगर यांच्यामधले कुंपण १९९३ साली काढून टाकल्यापासून हत्ती, सिंह आणि रानकुत्रे दोन्हीकडे मुक्तपणे ये-जा करतात. म्हणजे प्राणी तेच आहेत. वेगळे आहेत ते नियम. क्रूगरमध्ये रस्ता सोडून गाडी खाली उतरवता येत नाही, ठरावीक जागा वगळता गाडीबाहेर पाय ठेवता येत नाही आणि फाटके बंद होण्याआधी मुक्कामाच्या कॅम्पात परतावेच लागते. वाटेत सिंह दिसला की दहा-पंधरा गाड्यांची रांग लागते, आणि तो उठून झुडपांत शिरला की तिथेच सगळे संपते. खासगी जंगलात मार्गदर्शक रस्ता सोडून त्याच्या मागे जाऊ शकतो, अंधार पडल्यावरही जंगलात थांबू शकतो, आणि एका प्राण्याजवळ एका वेळी दोन-तीनच गाड्या असाव्यात याची काळजी रेडिओवरून घेतली जाते.

आमच्या मते खरा मोबदला मिळतो तो गाडीतल्या दोन माणसांकडून. चालक-मार्गदर्शक आत बसतो आणि ट्रॅकर, म्हणजे माग काढणारा, गाडीच्या अगदी पुढच्या टोकाला बसवलेल्या छोट्या आसनावर. तो हात वर करतो आणि गाडी थांबते. वाळूत बिबट्याचा पंजा उमटलेला असतो. रात्री फिरणाऱ्या किड्यांच्या बारीक रेघा त्या ठशावरून गेलेल्या असतील, तर बिबट्या बराच आधी गेला. ठशाच्या कडा धारदार असतील आणि त्यावर एकही रेघ नसेल, तर तो जवळपासच असावा. मग दोघे खाली उतरून चालत निघतात, इम्पाला हरणांचे फुरफुरणे किंवा खारीची धोक्याची किरकिर ऐकत दिशा ठरवतात आणि काही वेळाने गाडीकडे परततात. अशा वेळी अर्धा तास नुसते बसून राहावे लागले, तर तो वेळ वाया गेला असे समजू नये. साबी सँडमधले बिबटे अनेक पिढ्यांपासून गाड्यांना सरावलेले आहेत, म्हणूनच त्यांचे शिकार करणे, पिल्लांना वाढवणे, झाडावर भक्ष्य चढवणे इतक्या जवळून पाहता येते.

पैसे मर्यादित असतील तर दोन-तीन खासगी जंगलांत एकेक रात्र काढण्यापेक्षा एकाच ठिकाणी किमान तीन रात्री राहावे आणि उरलेले दिवस क्रूगरच्या साध्या कॅम्पांत घालवावेत. सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर पसरलेले क्रूगर स्वतःच्या गतीने पाहण्यात वेगळाच आनंद आहे, आणि तो पैशाने कमी आहे म्हणून कमी प्रतीचा नाही.

प्रश्न : आम्हाला पाच वर्षांची मुलगी आणि साठी ओलांडलेले आईवडील यांना घेऊन जायचे आहे. उघड्या जीपमध्ये सिंहाजवळ जाणे सुरक्षित असते का? मलेरियाचीही धास्ती वाटते.

उत्तर : आईवडिलांची काळजी नको, गाडीत चढण्यासाठी पायरी हवी, एवढे लॉजला आधी कळवावे. मुलीच्या बाबतीत मात्र आरक्षणापूर्वीच चौकशी करावी, कारण अनेक लॉज सहा वर्षांखालच्या मुलांना सर्वसाधारण सफारीच्या गाडीत घेत नाहीत आणि पायी भ्रमंतीसाठी वयाची अट त्याहून बरीच जास्त असते. काही ठिकाणी संपूर्ण गाडी कुटुंबापुरती राखून ठेवल्यास ही अट शिथिल होते.

उघड्या गाडीला प्राणी का हात लावत नाहीत, याचे कारण समजले की भीती बरीच ओसरते. लहानपणापासून गाड्या पाहत आलेल्या प्राण्यांना गाडी आणि आतली माणसे मिळून एकच आकार दिसतो, आणि त्यापासून ना धोका ना खाद्य असा त्यांचा अनुभव असतो. कुणी उभे राहिले, हात बाहेर काढून हलवला किंवा मोठ्याने बोलले, की तो आकार मोडतो. म्हणून बसून राहणे आणि हळू बोलणे हा तिथला पहिला नियम आहे. पाच वर्षांच्या मुलीला तीन तास हा नियम पाळता येईल का, याचा विचार पालकांनीच प्रामाणिकपणे करावा. बऱ्याच लॉजभोवती कुंपण नसते. अंधार पडल्यावर खोलीपर्यंत सोबत दिली जाते आणि ती नाकारू नये.

क्रूगरच्या परिसरात मलेरियाचा धोका असतो, विशेषतः सप्टेंबर ते मे या उष्ण आणि पावसाळी महिन्यांत. प्रतिबंधक औषधांबाबत निर्णय डॉक्टरांनीच द्यावा. लहान मुलांसह जाणाऱ्यांना आम्ही मलेरियामुक्त जंगल सुचवू. बोत्सवानाच्या सीमेजवळचे मादिक्वे त्यासाठी उत्तम आहे. ते प्रांतिक सरकारचे राखीव जंगल असून आतले लॉज खासगी व्यवस्थापनाचे आहेत. तिथे पूर्वी गुरांची कुरणे होती. १९९१ साली जंगल जाहीर झाल्यावर ऑपरेशन फिनिक्स या मोहिमेत आठ हजारांहून अधिक प्राणी तिथे आणून सोडण्यात आले. ईस्टर्न केप प्रांतातील खासगी जंगलेही मलेरियामुक्त आहेत.

प्रश्न : एका लॉजच्या छायाचित्रांत शिंगे नसलेले गेंडे दिसले. हे प्राणी आजारी आहेत का? अशा ठिकाणी जाणे योग्य आहे का?

उत्तर : आजारी नाहीत. ही शिंगे जाणीवपूर्वक कापलेली असतात. गेंड्याला गुंगीचे औषध देऊन, मुळाला इजा होणार नाही अशा बेताने शिंग कापले जाते. शिंग आपल्या नखांसारख्याच केराटिनचे असल्याने ते पुन्हा वाढते आणि दीड-दोन वर्षांनी पुन्हा कापावे लागते. हे सुखाचे काम नाही, पण २०१४ या एकाच वर्षात दक्षिण आफ्रिकेत १,२१५ गेंडे चोरट्या शिकारीत मारले गेले, हा आकडा डोळ्यांसमोर ठेवला की व्यवस्थापकांची अगतिकता समजते. २०२५ साली सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, ग्रेटर क्रूगरमधील (म्हणजे क्रूगर आणि त्याला लागून असलेल्या जंगलांच्या पट्ट्यातील) अकरा राखीव जंगलांच्या २०१७ ते २०२३ या काळातील नोंदी तपासल्यावर शिंगे कापल्याने चोरट्या शिकारीत सुमारे ७८ टक्के घट झाल्याचे दिसले. त्यामुळे बिनशिंगी गेंडा दिसला तर नाराज होऊ नये. त्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकताना ठिकाणाची नोंद मात्र काढून टाकावी. शिकाऱ्यांना त्यातून पत्ता लागतो.

टाळावे असे काही असेल, तर ते सिंहाच्या छाव्यांना कुरवाळू देणारे आणि पर्यटकांना सिंहासोबत चालवणारे उद्योग. तिथले छावे आईपासून तोडून वाढवलेले असतात, आणि मोठे झाल्यावर त्यांतले काही बंदिस्त जागेतील शिकारीसाठी विकले गेल्याचे दक्षिण आफ्रिकेत अनेकदा उघड झाले आहे. तिथल्या सरकारने २०२१ साली अशा बंदिस्त पैदाशीला आळा घालण्याचे धोरण जाहीर केले. याखेरीज टिंबावाटी, क्लासेरी यांसारख्या काही खासगी जंगलांत मर्यादित शिकारीला परवानगी दिली गेली आहे आणि तिचे उत्पन्न संवर्धनावर खर्च होते, तर साबी सँडमध्ये शिकार होत नाही. ज्यांना ही गोष्ट महत्त्वाची वाटते, त्यांनी आरक्षण करताना स्पष्ट विचारावे. आडपडद्याने विचारण्याचे कारण नाही. जमिनीचा मालक कोण आणि स्थानिकांना काय मिळते, हेही विचारावे. साबी सँडमधील मालामाला ही जमीन २०१३ साली जमीनहक्क प्रक्रियेतून तिथल्या मूळ समाजाकडे परत आली, हे अनेक पाहुण्यांना माहीत नसते.

प्रश्न : जाण्यासाठी कोणते महिने चांगले आणि सामान किती न्यावे?

उत्तर : जून ते ऑगस्ट हा कोरडा हिवाळा प्राणी पाहण्यासाठी सर्वांत सोयीचा, गवत खुरटते, पाणी मोजक्या ठिकाणी उरते आणि प्राणी पाणवठ्यावर येतात. मात्र सूर्योदयापूर्वीच्या फेरीत उघड्या गाडीत कडाक्याची थंडी लागते, म्हणून जाड जाकीट, लोकरी टोपी आणि हातमोजे लागतातच. तिथल्या उन्हाळी पावसाळ्यात पिल्ले आणि पक्षी भरपूर असतात, पण दाट झाडीत शोध अवघड होतो. छोट्या विमानाने लॉजच्या धावपट्टीवर उतरायचे असेल, तर कडक सुटकेस चालत नाही. साधारण वीस किलोपर्यंतची मऊ पिशवी न्यावी आणि नेमकी मर्यादा तिकिटाबरोबरच विचारून घ्यावी. दुर्बीण मात्र प्रत्येकाची स्वतंत्र असावी, कारण हातोहात फिरणाऱ्या दुर्बिणीतून बिबट्या कुणालाच नीट दिसत नाही.