नांगर टाकला, पण झोप कुठे लागते!

प्रश्न : आम्ही नवरा-बायको ११ मीटरच्या शिडाच्या बोटीवर फिरतोय आणि चार दिवस झाले, एका उपसागरात अडकून पडलोय. मागे उंच डोंगर आहे म्हणून ही जागा निवडली तर वारा नेमका डोंगरावरूनच येतोय, १५ नॉटचा (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) मध्येच ३० होतो. ओहोटीला खोली ६ मीटर भरली म्हणून चौपट, म्हणजे २४ मीटर साखळी सोडलीय. रात्रभर नुसता खडखडाट, दोघंही टक्क जागे. काय चुकतंय?

उत्तर : डोंगर म्हणजे आडोसा असं मलाही वाटायचं. लाटा अडतात हे खरं, पण वारा माथ्यावरून खाली कोसळतो आणि घळीतून येताना आणखी चेकाळतो, त्यामुळे बाहेर समुद्रावर बरं होतं असं म्हणायची पाळी येते. त्यात १५चा ३० झाला की बोटीवरचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो.

तुमची खरी चूक हिशोबात आहे. तुम्ही नुसती पाण्याची खोली धरलीत, पण साखळी सुटते बोटीच्या नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, ती पाण्यापासून मीटरभर तरी वर असणार, आणि वर भरतीचं पाणी. भरती २ मीटर धरली तरी ६चे ९ झाले, म्हणजे तुमची चौपट तिपटीलाही पुरली नाही! पाचपट म्हणजे ४५ मीटर सोडा, जागा असेल तर अजून. फक्त वारा फिरला की बोट केवढा फेरा मारेल ते बघा, किनारा आणि शेजारची बोट त्यात यायला नको. मग इंजिन हळूहळू रिव्हर्सला टाका आणि ताणलेल्या साखळीवर तळहात ठेवा. थरथर, गचके जाणवले तर नांगर घसरतोय, शांत राहिली तर रुतलाय.

खडखडाटाला उपाय सोपा आहे, ८-१० मीटर नायलॉनचा दोर हुकने साखळीत अडकवायचा, दुसरं टोक क्लीटला, म्हणजे डेकवरच्या दोर बांधायच्या खुंटीला, बांधायचं आणि मधली साखळी सैल सोडायची, म्हणजे धक्का दोर खातो आणि केबिनमधला आवाज जवळपास जातो. दोर कडेला घासतो तिथे जुन्या होजचा तुकडा चढवा, नाहीतर पहाटेपर्यंत झिजून तुटायचा.

फोनवर अँकर अलार्म (बोट ठरलेल्या वर्तुळाबाहेर सरकली की वाजणारा) लावत असाल तर नांगर पडतो त्याच क्षणी लावा. साखळी सोडून झाल्यावर लावला तर वर्तुळाचा मध्य बोटीखाली येतो आणि मग तो रात्रभर उगाच कोकलतो. तरी ३० नॉटला तीन-तीन तासांच्या पाळ्या कराच, एकाने तरी गाढ झोपावं.

आणि हो, डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर जायची छोटी होडी, रात्री वर उचलून ठेवा. मी एकदा आळस केला, सकाळी बघते तर ती पालथी आणि आउटबोर्ड, म्हणजे तिच्या मागे लावलेलं इंजिन, पाण्यात डोकं खाली करून लटकलेलं.