टाकीच्या झाकणावरचा आकडा आणि पंपावरचा आकडा

प्रश्न: माझ्या गाडीला ९१ ऑक्टेन पुरतं. अधूनमधून ९५ टाकलं तर पिकअप वाढतो, इंजिन साफ राहतं म्हणतात. खरं का?

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाब आणि उष्णता वाढली तरी आपोआप पेट न घेता पेट्रोल किती तग धरतं, एवढंच तो आकडा सांगतो. स्पार्क पडल्यावर ज्वाळ प्लगपासून कडेपर्यंत क्रमाने सरकायला हवी. ती पोचायच्या आत कडेचं पेट्रोल-हवेचं मिश्रण एकदम भडकलं की नॉकिंग झालं. जे इंजिन ९१ वर नॉक करतच नाही, त्यात ९५ ला करण्यासारखं काही उरत नाही. इंजिन साफ ठेवतात ते डिटर्जंट. महाग ग्रेडमध्ये ते अनेकदा जास्त असतं, म्हणून हा गैरसमज.

प्रश्न: टर्बो गाडी आहे. मॅन्युअलमध्ये ‘किमान ९१, शिफारस ९५’ लिहिलंय. नेमकं काय भरू?

इथे मात्र फरक पडतो. ९१ वर नॉकिंग होऊ लागलं की इंजिनच्या ब्लॉकवरचा नॉक सेन्सर त्याचे धक्के ओळखतो आणि ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) स्पार्क थोडा उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, पण ताकद आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही घटतात. रोजच्या सपाट, सावकाश चालवण्यात हे जाणवणारही नाही. भर उन्हात, माणसं आणि सामान भरून घाट चढायचा असेल तर ९५ भरा. मॅन्युअलमध्ये ‘९५ आवश्यक’ असं असतं तर मात्र घासाघीस नको.

प्रश्न: अमेरिकेतून आणलेली गाडी आहे, झाकणावर ९१ लिहिलंय. इथल्या पंपावर ९१ मिळतं, पण चढावर इंजिन वाजतं. का?

आकडा तोच, माप वेगळं. बहुतेक देशांत पंपावर ‘रॉन’ (सौम्य चाचणीतून मोजलेला ऑक्टेन) असतो. अमेरिका-कॅनडात रॉन आणि ‘मॉन’ (जास्त कडक चाचणीचा आकडा) यांची सरासरी लिहितात, आणि ती रॉनपेक्षा साधारण ४ ते ५ ने कमी येते. तिकडचं ८७ म्हणजे जवळपास ९१ रॉन, आणि तिकडचं ९१ म्हणजे ९५-९६ रॉन. तुमची गाडी ९५ मागतेय आणि तुम्ही तिला चार अंकांनी कमी देताय. झाकणावर आकड्याशेजारची अक्षरं वाचा: ‘आर अधिक एम भागिले दोन’ असं दिसलं तर ती अमेरिकी मोजणी.

प्रश्न: ९५ मागणाऱ्या गाडीत चुकून २० लिटर ९१ भरलं. टाकी उपसू का?

उपसायची गरज नाही. ग्रेड मिसळले की ऑक्टेन ढोबळमानाने सरासरीवर येतं. त्यावर २० लिटर ९८ घातलं तर मिश्रण ९४-९५ च्या आसपास जाईल, फक्त ९५ घातलं तर ९३. तोवर वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर अ‍ॅक्सिलरेटर दाबू नका. चढ आला की एक गिअर खाली घ्या. नॉकिंगला सगळ्यात पोषक स्थिती म्हणजे कमी आरपीएम आणि जास्त लोड.

प्रश्न: ‘५ पॉइंट वाढवतो’ असा बूस्टर (ऑक्टेन वाढवायला टाकीत ओतायचं बाटलीतलं द्रव्य) घालू का?

त्या ‘पॉइंट’चा अर्थ बऱ्याचदा ०.१ ऑक्टेन असतो. म्हणजे ९१ चं ९१.५. पंपावर वरचा ग्रेड मिळत असताना बाटलीवर पैसे घालवू नका. काहींमध्ये धातूची संयुगं असतात, त्यांची लालसर पुटं प्लगवर साचतात.

प्रश्न: योग्य ग्रेड भरूनही खडखड येते. पेट्रोल भेसळीचं असेल का?

आधी आवाज ओळखा. डब्यात खडे हलवल्यासारखा, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की येणारा आणि पाय उचलताच थांबणारा आवाज असेल तर नॉकिंग. गाडी उभी असतानाही टिकटिक येत असेल आणि आरपीएमबरोबर तिचा वेग वाढत असेल, तर टॅपेट (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग) तपासा. पेट्रोलचा तिथे दोष नाही.

नॉकिंगच असेल तर पेट्रोलला दोष देण्याआधी कूलंटची पातळी आणि तापमान पाहा. मग प्लग चुकीच्या हीट रेंजचे (प्लग किती उष्णता बाहेर टाकतो तो दर्जा) आहेत का, ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेला थोडा वायू परत इंजिनात सोडणारी झडप) चिकटलाय का, मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय का ते. जुन्या इंजिनात पिस्टनच्या डोक्यावर साचलेला कार्बन जागा अडवतो, कॉम्प्रेशन वाढवतो आणि स्वतः लाल तापतो. मग कालपर्यंत पुरणारं ऑक्टेन आज अपुरं पडतं. इंजिन नुकतंच खोललं असेल तर नॉक सेन्सरचा बोल्ट पाहा. सेन्सर स्वच्छ धातूवर थेट बसायला हवा, मध्ये वॉशर नको, आणि बोल्ट सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कवरच (आवळण्याच्या जोराचं माप; अनेक गाड्यांत साधारण २० न्यूटन-मीटर) आवळायला हवा. सैल किंवा जास्त आवळलेला सेन्सर चुकीचं ऐकतो.

डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) टर्बोत कमी आरपीएमवर एखादाच जबर ठोका बसत असेल, तर तो प्रकार निराळा. सिलिंडरमध्ये उडालेला ऑइलचा थेंब स्पार्कच्या आधीच पेट घेतो. त्यावर उपाय प्रामुख्याने ऑइलचा: ‘एपीआय एसपी’ (डब्यावर लिहिलेला ऑइलचा दर्जा) असलेलं, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं.