नागपूरच्या शाळेत मिठाच्या सत्याग्रहाचं प्रात्यक्षिक कसं दाखवायचं? शिरोड्याला नेमकं काय झालं होतं?

१५ ऑगस्टला मुलांकडून शिरोड्याचा सत्याग्रह करून दाखवायचाय, पण नागपुरात समुद्राचं पाणी कुठून आणायचं, असं तुम्ही विचारलंय. त्या पाण्यावाचून काही अडत नाही. ६ एप्रिल १९३० ला दांडीला गांधीजींनी उचललं तो खाऱ्या चिखलाचा गोळाच होता, कारण किनाऱ्यावर साचलेलं मीठ पोलिसांनी आधीच चिखलात कालवून टाकलं होतं. खारी माती पाण्यात विरघळवायची, गाळायची, आटवायची, हे कुठेही करता येतं.

शिरोड्याची गोष्ट मात्र दांडीसारखी नाही आणि हा फरक मुलांना आधी नीट सांगा. शिरोडा वेंगुर्ला तालुक्यातलं, तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होतं, आता सिंधुदुर्गात आहे. गोव्याची हद्द जवळच. तिथे चालू मिठागरं होती. भरतीचं पाणी उथळ वाफ्यांत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत उन्हावर आटवायचं. मूळ पाण्याचा साधारण दहावा हिस्सा उरला की मीठ धरायला लागतं. मे १९३० मध्ये महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या सत्याग्रहींनी या मिठागरांतलं तयार मीठ उचललं, पोलिसांचा मार खाल्ला आणि तुरुंगात गेले. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे आप्पासाहेब पटवर्धन यांतलेच. म्हणजे दांडीला मीठ गोळा केलं, शिरोड्याला सरकारी नियंत्रणातल्या मिठागरात पाऊल टाकलं. त्याच महिन्यात २१ तारखेला गुजरातेत धारासण्याला झालं तेही याच जातीचं. नुसती चूल पेटवून त्याला शिरोडा म्हणू नका. एका बाजूला दोरी लावून मिठागराचे वाफे आखा, पलीकडे चूल मांडा.

आता कृती. एक किलो धुतलेली कन्हान नदीची रेती घ्या, त्यात १०० ग्रॅम खडे मीठ मिसळा. काळी माती अजिबात नको. ती फुगते, पाणी धरून ठेवते आणि गाळायला घेतली की कापड तुंबतं. त्या रेतीत एक लिटर पाणी घालून दहा मिनिटं ढवळा, रात्रभर निवळू द्या. सकाळी वरचं पाणी चार पदरी सुती कापडातून अलगद गाळा. थोडं पाणी रेतीत अडकतंच, त्यामुळे सगळं मीठ परत मिळणार नाही. सत्तर ग्रॅमच्या आसपास आलं तर काम चांगलं झालं समजा. अॅल्युमिनियमचं भांडं वापरू नका, खाऱ्या पाण्यानं ते झिजतं. लोखंडी कढईत मीठ तांबूस होतं. रुंद तोंडाची स्टीलची परात उत्तम.

मोठ्या आचेवर आटवा. पाव लिटरच्या आसपास पाणी उरलं की वर पांढरा पापुद्रा दिसतो, तिथून आच एकदम कमी करायची. बहुतेकांचं इथेच बिघडतं: आच तशीच राहते, मीठ तडतडून उडतं, आणि समोर बसलेल्या मुलाच्या डोळ्यात जाऊ शकतं. ओलसर असतानाच उतरवा. चूल मोठ्या माणसाच्या हाती असू द्या आणि रेतीतून काढलेलं मीठ कुणाला चाखू देऊ नका.

उन्हात वाळवायचा बेत करू नका. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात परातीतलं बोटभर पाणी एक-दोन दिवसांत उडतं, पण ऑगस्टच्या दमट हवेत वाळलेलं मीठसुद्धा पुन्हा पाणी धरतं. हे मुलांना मुद्दाम दाखवा, कारण मिठाच्या सत्याग्रहाला याचीच मर्यादा होती. मिठागरं पावसाळ्यात बंद पडतात. शिरोडा मे महिन्यात झालं. जूनमध्ये मृग बरसल्यावर तिथे उचलायला मीठच उरलं नसतं.

एक हिशेबही फळ्यावर मांडा. १९३० मध्ये मिठावर मणाला सव्वा रुपया कर होता, म्हणजे शेराला अर्धा आणा (मण म्हणजे ४० शेर, रुपया म्हणजे १६ आणे, शेर म्हणजे किलोहून थोडा कमी). समुद्राच्या एका लिटरात मीठ जेमतेम तीस ग्रॅम. शेरभर मिठासाठी तीसेक लिटर पाणी आटवावं लागेल आणि साध्या चुलीवर त्याला चाळीस-पन्नास किलो लाकूड सहज जाईल. स्वस्त मीठ मिळावं म्हणून कुणी चूल पेटवत नव्हतं. परवान्यावाचून मीठ बनवू न देणारा १८८२ चा मिठाचा कायदा सर्वांसमोर मोडायचा होता, आणि तो मोडायला एक मडकं पुरत होतं. माझ्या मते प्रात्यक्षिकात सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे, मुलांकडूनच गणित करून घ्या.

आपल्याकडचं काय, हा प्रश्न मुलं विचारणारच. वऱ्हाडात पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, विहिरींचं पाणी खारं. अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला एप्रिल १९३० मध्ये याच पाण्यापासून मीठ काढून कायदा मोडला गेला. पण मध्य प्रांत (नागपूर तेव्हा यातच होतं) आणि वऱ्हाडात सगळीकडे असं पाणी नव्हतं, वरून पावसाळा तोंडावर. जंगलात गवत मात्र पावसानंच वाढतं, आणि राखीव जंगलातलं गवत परवानगीवाचून कापणं हाही गुन्हाच होता. म्हणून १० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला. कार्यक्रमाला वेळ असेल तर शिरोड्यानंतर लगेच पुसद दाखवा. त्याला एक विळा लागतो (मुलांच्या हाती पुठ्ठ्याचाच द्या), आणि ऑगस्टमध्ये शाळेच्या मैदानाच्या कडेला गवत असतंच.